तळघरातला मारुती

शनिवार, १० फेब्रुवारी २००७

वही डॉलर स्टोअरमधून आणली. आठवी नापास माणसाला वही कशाला हवी, असं इथं कुणी विचारत नाही, एवढं एक बरं आहे. बाकी ह्या शिकागोत बरं काही नाही. ज्यांच्याशी बोलावं अशी माणसं नाहीत, आणि जी बोलतात त्यांच्याशी बोलून डोकं फिरतं. म्हणून लिहितो.

राहतो डेव्हन अव्हेन्यूच्या मागं, एका जुन्या तीन मजली बिल्डिंगच्या तळघरात. मालक दिगंबरकाका, पुण्याचे. स्वतः नेपरव्हिलला मोठ्या घरात राहतात, आयटीत आहेत, ही बिल्डिंग त्यांनी पडत्या भावात घेतली. मी खिडक्यादारं खरवडतो, रंग देतो, बर्फ ओढतो. बदल्यात ही खोली आणि हातखर्च. मला ह्या देशात आणलं होतं एका देवळानं, हार करायला आणि भांडी घासायला. तिथला पुजारी चार माणसांत मला अनपढ म्हणाला. मी त्याच्या अंगावर ताम्हन फेकलं. देऊळ सुटलं, व्हिसाही सुटलाच असणार. त्याचा विचार करत नाही.

आज शनिवार म्हणून लेपन केलं. लेकच्या काठावरून थंडी पडायच्या आधी एक काळा धोंडा उचलून आणलाय, तोच माझा मारुती. आम्ही गुरव. गावच्या मारुतीचा शेंदूर आमच्या घराण्याशिवाय कुणी लावत नाही. बाबा गावाकडनं येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पुडे पाठवतात. वाटीत तेल घ्यायचं, शेंदूर घालायचा आणि बोटांनी मळायचा. चमचा लावायचा नाही, बोटांनीच. बाबांची बोटं आता लई कापतात. आजोबांचीही कापायची. गावात म्हणतात, गुरवाच्या हातात देव थरथरतो.

आठ दिवसांत आज बरं वाटलं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

बर्फानं सगळं शहर बंद. माझं काम घरातलं, त्यामुळं मला सुट्टी नाही. जिन्यातल्या खिडक्या खरवडल्या. पांढरा थर, त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा, परत पांढरा. खालचा कुणी काढलाच नाही, वरून फासत गेले. आमच्या मारुतीचं कवच असंच वाढतं. वर्षानुवर्षं थर बसतात आणि एक दिवस सगळं आपोआप गळून पडतं. मी लहान असताना गळलं होतं, वाजतगाजत कृष्णेत सोडलं. इथं मी केरसुणीनं झाडून डब्यात टाकतो. धुरळा नाकातोंडात जातो.

पोट दुखतंय. जोर करूनही साफ होत नाही. हा इथला मेणचट पाव. काकांना सांगितलं तर म्हणाले, "फायबर खा, मोऱ्या."

कपडे धुवायची मशीन माझ्या खोलीच्या बाहेरच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या भावनावहिनी तिथं येतात. नागपूरच्या. नवरा अतुल सांता क्लाराला प्रोजेक्टवर, महिन्यातून एकदा येतो. पोरगा सुगत, अडीच वर्षांचा. अख्ख्या बिल्डिंगमध्ये मला बघून हसणारा तो एकटाच. आज तो पळत खोलीत आला आणि मारुतीपुढं उभा राहिला. मी त्याला टिळा लावला. वहिनींनी बघितलं आणि स्वेटरच्या बाहीनं पुसून टाकला.

"आमच्यात हे चालत नाही, मोरेश्वरभाऊ."

"देवाचा टिळा आहे वहिनी. इजा करत नाही."

"देव तुमचा आहे. कपाळ आमचं आहे."

त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आहेत, बुद्ध आहे, मी पाइप दुरुस्त करायला गेलो तेव्हा बघितलंय. मी कधी काही म्हटलं का? पण ज्या तऱ्हेनं पुसलं ना, जसं काही पोरावर चिखल उडाला.

बुधवार, २१ फेब्रुवारी

मशीन चालू करून वहिनी उरलेले कपडे आणायला वर जातात. तेवढा वेळ सुगत माझ्याकडं. मी टिळा लावतो, हातावर खडीसाखर ठेवतो, आणि त्या यायच्या आत अंगठ्यानं कपाळ पुसतो. आता पोरगं मला बघितलं की आपणहून मान खाली घालतं आणि कपाळ पुढं करतं. कुणाच्या बापाचं काय जातंय?

गुरुवार, १ मार्च

आज एक बाई जिन्यात आली. हातात रंगीत कागदांचा गठ्ठा, गळ्यात ओळखपत्र. एका दवाखान्यातर्फे घरोघर फिरते. सुजाता. बोलली तेव्हा कळलं, हीपण नागपूरचीच.

"काय करताय हे?"

"दिसत नाही का? खरवडतोय."

"कोरडं?"

"मग काय दुधानं न्हाऊ घालू?"

"पाण्यानं घाला. खाली प्लास्टिक अंथरा. झाडू तर लावूच नका. ह्या जुन्या रंगात शिसं असतं. धुरळा पोरांच्या हातावर बसतो, हातातून तोंडात जातो. मग पोरं चिडकी होतात, बोलायला मागं पडतात, कायमची."

"मॅडम, हे सांगायचा पगार मिळतो का तुम्हाला?"

"मिळतो ना. तुमच्यासारख्यांना सांगायचा जास्त द्यायला पाहिजे."

जाता जाता माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "पोट दुखतं का तुमचं?"

"तुम्ही ज्योतिष पण सांगता काय?"

"म्हणजे दुखतं," म्हणाली, आणि एक कागद माझ्या शिडीवर ठेवून वर गेली. मी त्या कागदाची घडी करून हलणाऱ्या शिडीच्या पायाखाली घातली. शिडी हलायची थांबली. काहीतरी उपयोग झाला.

वरून वहिनींचा आवाज येत होता. दोघी लगेच ताई-ताई करायला लागल्या. सुगतच्या बोटातून रक्त घेतलं वाटतं, पोरगं किंचाळत होतं.

रविवार, ११ मार्च

पोराच्या रक्तात शिसं निघालं. मग दवाखान्यात नेऊन शिरेतून घेतलं, तिथंही तेच. एकोणीस. दहाच्या खाली पाहिजे म्हणतात.

दिगंबरकाका आज चहाचा थर्मास घेऊन आले. जिन्यात उभं राहूनच भांडण. काका म्हणाले, "बघा, आय सिम्पथाइज. पण मी लायेबल नाही. लीजमध्ये क्लिअर लिहिलंय."

"काका, माझा पोरगा डिसेंबरात दोन शब्द जोडून बोलत होता," वहिनी म्हणाल्या. "आता आई एवढंच म्हणतो, तेही कधीमधी. डोकं आपटतो भिंतीवर. ते लीजमध्ये आहे का?"

काका थर्मासचं झाकण फिरवायला लागले. मग वहिनी माझ्याकडं वळल्या. "तुम्ही जिन्यात विष झाडत होता. तुम्हाला सांगितलं तर दूध-पाणी करत होता म्हणे."

राग आला की हल्ली शब्दच सापडत नाहीत, आणि राग तर सारखा येतो. वरून काकांनी जाता जाता कानाशी ऐकवलं, "शहराची नोटीस लागली ना मोऱ्या, तर पहिला तू बाहेर. तू कागदावर एक्झिस्टच करत नाहीस."

त्या पोराला मी विष घालीन? मी?

मंगळवार, २७ मार्च

नोटीस लागलीच. काका नोटिशीला बेकार घाबरतात. खिडक्या नवीन बसवायच्या ठरल्या, आणि सुजाताबाई तीन वेळा येऊन मला शिकवून गेली. आधी फवारा मारायचा, ओलं करून हळू सोलायचं. जे पडेल ते ओल्या फडक्यानं टिपायचं, दोन पिशव्यांत बांधायचं. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची. कामाचे कपडे वेगळे. जेवायच्या आधी हात कोपरापर्यंत.

"तुमच्या खोलीतही ओलं पुसून घ्या," म्हणाली. दारात उभी होती. आत मारुती दिसला तशी मान फिरवली आणि तिथूनच परत गेली. जा. देव बघवत नाही का?

पण सांगितलं तसं सगळं केलं. कुणासाठी नाही. पोरासाठी.

सोमवार, २ एप्रिल

हनुमान जयंती. कामावर दांडी मारली. पहाटे उठून अंघोळ, मग मोठं लेपन, दोन पुडे शेंदूर. मारुती आता पहिल्यापेक्षा दीडपट दिसतो. तळघरातल्या पिवळ्या दिव्यात असा पेटल्यासारखा लाल दिसत होता की गावचा मारुतीच आठवला.

सुगत आजारीच दिसतो. जेवत नाही, ओकतो. वहिनी वर गेल्या तेव्हा मी त्याला जवळ घेतलं आणि आज टिळा नुसता लावला नाही, कपाळभर लावला. खडीसाखर मारुतीच्या पायावर ठेवून मग भरवली. म्हटलं, देवा, ह्या बायका कागद वाटून आणि मी खिडक्या पुसून जे होईना ते तू कर. मग नीट पुसलं. हल्ली पुसायला ओलं फडकं घेतो, त्या बाईनं शिकवलंय ना.

गुरुवार, १० मे

सव्वीस.

नव्या खिडक्या बसल्या. जिना धुतला. नळाचं पाणी तपासलं, पोराची खेळणी तपासली, वहिनींचा हळदीचा डबासुद्धा नेला. आणि आकडा वर गेला. सव्वीस!

खरं लिहितो. ऐकल्यावर पहिल्यांदा मला आनंद झाला. जिन्यात ओरडून म्हटलं, "बघा! माझ्या खरवडण्यानं नव्हतं! आता कुणाचं नाव घेता?" वहिनी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही. म्हणाल्या, "आणखी चढला तर ॲडमिट करतील. तुमचं जिंकून झालं असेल तर बाजूला व्हा, भाऊ, मला उठायचंय."

मी बाजूला झालो. मग खोलीत येऊन भिंतीला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

अतुल कॅलिफोर्नियातून फोनवर ओरडतो. ती हकीकत वहिनींच्या आवाजावरून खालपर्यंत कळते. घर सोड म्हणतो. जाणार कुठं? पोरगं गेलं तर मी ह्या तळघरात कुणासाठी राहू?

गुरुवार, १७ मे

हे आजच लिहायला पाहिजे.

शहराचा इन्स्पेक्टर आला होता. वेंडल नाव, उंच काळा म्हातारा, डोक्यावर टोपी. त्याच्याकडं बंदुकीसारखं मशीन. भिंतीला टेकवलं की आत शिसं किती ते दाखवतं. बरोबर सुजाता, आणि सुगतला कडेवर घेऊन भावनावहिनी. वरपासून खालपर्यंत सगळं तपासत आले. कुठं थोडं निघालं, कुठं काहीच नाही. तळघरात पोचले तेव्हा सुजाता म्हणाली, "कुठून तरी जातंय. रोजचं काहीतरी आहे. आम्हालाच दिसत नाही."

माझं डोकं सटकलं. दोन महिने माझ्यावर ढकललं आणि आता म्हणे दिसत नाही. मी खोलीचं दार उघडून म्हटलं, "या, माझी खोली राहिली! लावा तुमचं मशीन! माझ्या मारुतीलाच लावा! तुमचं मशीन देवालापण शिसं म्हणेल, मग कळेल सगळ्यांना काय लायकीचं आहे ते!"

सुजातानं त्याला इंग्लिशमध्ये सांगितलं. त्या म्हाताऱ्यानं आत येताना टोपी काढली. मला विचारलं, हात लावू का, असं खुणेनं. मी म्हटलं, लाव.

त्यानं टेकवलं. मशीनकडं बघितलं. पुसून परत टेकवलं. मग सुजाताला पडदा दाखवला. तिनं तोंडावर हात ठेवला.

"बघा!" मी ओरडलो. "सांगितलं नव्हतं? खोटं आहे मशीन! देवाला शिसं म्हणतंय!" आणि मी हसायला लागलो. कुणीच हसेना, मी एकटाच.

तेवढ्यात सुगत वहिनींच्या कडेवरून घसरून खाली उतरला. सरळ माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मान खाली घातली, आणि कपाळ पुढं केलं.

तसाच उभा राहिला. मी हसत होतो, ते थांबता थांबेना.

"मी पुसला होता," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या दिवशी. मी पुसला होता ना?"

मी म्हटलं, "मीपण पुसायचो. रोज."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वाकून पोराला उचललं, त्याचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरले, तोंडात जाऊ नयेत असे, आणि वर गेल्या.

सुजाता माझ्या खाटेवर बसली. म्हणाली, "शिसं भाजून भाजून लाल करतात, त्यालाच शेंदूर म्हणतात. मला माहीत होतं हो. शिकलेय मी हे. काहून नाही विचारलं मी? देव दिसला की मान फिरवते, लहानपणापासूनची सवय. तुमच्या ह्याच दारातून मान फिरवून गेले."

मी म्हटलं, "बाहेर व्हा."

शुक्रवार, १८ मे

खोटं आहे. सगळं गाव शेंदूर लावतं, गाव मेलं का?

फोनकार्ड घेऊन बाबांना फोन लावला. म्हटलं, शेंदूर हातानं मळू नका. म्हणाले, "का रं?" म्हटलं, त्यात शिसं आहे. म्हणाले, "कोण म्हणतंय?" म्हटलं, मशीन. मग म्हणाले, "मशीनला सांग, आधी सोवळं पाळ, मग देवाबद्दल बोल," आणि ठेवला. बोलताना त्यांच्या हातातला फोन कानावर आपटत होता, टक टक टक. हीच टक टक मी लहानपणापासून लेपनाच्या वाटीवर ऐकतोय. आजवर त्याला देव म्हणत होतो.

शनिवार, १९ मे

आज लेपनाचा वार.

खाली प्लास्टिक अंथरलं. दाराच्या फटीत ओलं फडकं लावलं. दोन बादल्या भरल्या. मारुतीवर फवारा मारला आणि हळू सोलायला घेतलं, खिडक्या सोलल्या तसं. वरचे थर मऊ होते, आतले कडक. बोटभर जाड कवच निघालं. गावचं कवच गळालं तेव्हा ताशा होता, गुलाल होता. इथं मी एकटा, तोंडाला कागदी मास्क, आणि वरच्या मजल्यावर पोरगं रडतंय.

नदीत सोडायचं नाही, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. दोन पिशव्यांत बांधलं. वर इंग्लिशमध्ये काय लिहायचं ते माहीत नव्हतं, कवटी काढली. सुजाताबाई येऊन घेऊन गेली. मला म्हणाली, "तुमचं रक्त द्यायला चला आता." मी भांडलो, आणि मग गेलो.

आत नुसता धोंडा निघाला. लेकच्या काठावर होता तसाच, काळा, गुळगुळीत. त्याला नमस्कार करावा की नाही कळेना. केला.

सोमवार, २१ मे

दिगंबरकाका खूश. "म्हणजे माझी बिल्डिंग क्लीन! आय टोल्ड देम!" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू महिनाअखेर खोली खाली कर हं. पर्सनल नाही."

मी त्यांना म्हटलं, "काका, तुमच्या जिन्यातला रंगही कमी नव्हता. मी तीन महिने खाल्लाय तो." हात खांद्यावरून निघाला.

माझा आकडा पोरापेक्षा दुप्पट आलाय. डॉक्टर म्हणाला, पोट त्यानंच दुखतं, डोकंही त्यानंच भडकतं. मी म्हटलं, डोकं आधीपासूनच असंय.

वहिनींच्या दारासमोर दोनदा जाऊन उभा राहिलो. आत पावलांचा आवाज यायचा. दार उघडलं नाही.

रविवार, २ सप्टेंबर

लिहायचं सोडलं होतं. डेव्हनवरच्या एका हॉटेलात भांडी घासतो, तिथंच मागं झोपतो. धोंडा खाटेखाली आहे, कोरा.

आज दुपारी कचरा टाकायला बाहेर आलो तर फुटपाथवर भावनावहिनी. हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात सुगतचं बोट. मी आत पळणार होतो. त्या म्हणाल्या, "अकरा."

"काय?"

"अकरावर आलाय. बोलतो आता. तुमच्याशी बोलायचं म्हणून नाही सांगत. सुजाताताई म्हणाल्या, तुम्ही विचारत असता."

मी मान हलवली. सुगत माझ्याकडं बघत होता. उंच झालाय. वाटलं, विसरला. तेवढ्यात त्यानं मान खाली घातली आणि कपाळ पुढं केलं.

मी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. पोरगं हललं नाही. येणारेजाणारे त्याला वळसा घालून जात होते. मी वहिनींकडं बघेना, त्या माझ्याकडं बघत होत्या.

"हात धुतलेत?"

"भांडीच घासतो वहिनी. दिवसभर साबणातच."

"परत धुवा. जा. आम्ही थांबतो."

आत जाऊन कोपरापर्यंत धुतले. नखं ब्रशनं घासली. तंदूरवाला म्हणाला, "क्या यार, ऑपरेशन करनेवाला है क्या?" त्याला शिवी दिली आणि परत एकदा धुतले. बाहेर आलो तर दोघं तिथंच उभी. ओल्या अंगठ्यानं पोराच्या कपाळाला पाणी लावलं, नुसतं पाणी. त्यानं डोळे मिटले, उघडले, आणि तळहात पुढं केला.

"आणि खडीसाखर?" म्हणाला. आख्खा शब्द. स्पष्ट.

माझ्या खिशात काहीच नव्हतं. वहिनींनी समोरच्या दुकानाकडं हनुवटी केली. "तिथून आणा. सीलबंद पाकीट."

मी आणलं. ते त्यांनी माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून सगळं वाचलं, आणि स्वतः फोडलं.